‘निकृष्ट खाणं’ कुणाच्या मापाने?

लांब पल्ल्याच्या धावण्याचा आपल्याकडचा इतिहास शोधायला लागलात की एक पत्र तुम्हाला हमखास भेटणार. दोराबजी टाटांनी 1929 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना ते लिहिलं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींची आठवण त्यात आहे. धावणारी मुलं शेतकरी घरातली, खाणं निकृष्ट, नियमांची आणि योग्य सरावाची कल्पना नाही. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या, असा त्याचा आशय. यातूनच पुढे 1920 ला संघ अँटवर्पला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे 42.75 किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये 19वे आले. वेळ 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद.

या पत्रावरून ‘खाणं नाही, सराव नाही, तरी पोरं धावली’ असं वाक्य सहज लिहून होतं. लिहू नका. निदान लगेच तरी नाही.

आधी विचारा, त्या काळी ‘योग्य’ म्हणजे काय होतं? 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये कडक उन्हात मॅरेथॉन झाली. वाटेत पाणी जवळपास नव्हतंच, आणि आयोजकांना ते फार चुकीचंही वाटत नव्हतं. विजेता थॉमस हिक्स पाणी मागत होता, तर मदतनीसांनी त्याला अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन दिलं. स्ट्रिक्निन म्हणजे विषच की! तेव्हाचं ‘शास्त्र’ हे असं. धावताना रक्तातली साखर खाली जाते, हे बॉस्टनच्या शर्यतीत डॉक्टरांनी मोजून दाखवलं ते 1924 मध्ये. दुसऱ्या वर्षी त्यांनी धावपटूंना आधी पिष्टमय जेवण आणि वाटेत गोळ्या दिल्या, तेव्हा पळणाऱ्यांची अवस्था बरीच सुधारली. म्हणजे चौगुले धावले तेव्हा हा सल्ला द्यायला जगात कुणीच नव्हतं.

पाण्याचं तर आणखी गमतीचं. ‘पिऊ नका’ वरून सल्ला ‘जमेल तेवढं प्या’ वर गेला. मग 1985 मध्ये टिम नोक्स यांनी सात तासांपेक्षा जास्त चाललेल्या शर्यतींमधले चार रुग्ण मांडले: पाणी अती झाल्याने रक्तातलं सोडियम घसरलेले. आज डोंगरवाटांवर 50-100 किलोमीटर पळणाऱ्यांना तहानेप्रमाणे प्यायला सांगतात.

तेव्हा ‘निकृष्ट’ हा दोराबजींचा शब्द पुरावा म्हणून घ्या, पण कशाचा? मुलांच्या ताटाचा नाही, बघणाऱ्याच्या नजरेचा. त्यातून पत्र घटनेनंतर साधारण दहा वर्षांनी लिहिलेलं, हेही टिपून ठेवा.

ताटाकडे जायचं असेल तर गॅझेटिअर उघडा. विषय वाशीमचा असेल तर 1910 चं अकोला जिल्ह्याचं पाहा, कारण वाशीम 1905 मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि पुन्हा जिल्हा व्हायला 1998 उजाडलं. ‘वाशीम’ नावाने कपाट धुंडाळत बसाल तर दिवस वाया जाईल. ज्वारी आणि कपाशी तुम्हाला तिथे सापडेल. आज त्या शिवारात सोयाबीन दिसतं. पण गॅझेटिअर शेतातलं सांगतं, भाकरी किती ते नाही. त्यासाठी रिसोड-मंगरूळपीरकडच्या म्हाताऱ्या माणसांकडे बसावं लागेल. ‘काय खायचात?’ असं विचारू नका, उत्तर ‘भाकरी’ एवढंच येतं. पेरणीच्या दिवसांत शिदोरी किती वेळा यायची, कोण घेऊन यायचं आणि बांधापर्यंत किती कोस चालून यायचं, ते विचारा.