कपाट उघडण्यापूर्वी

मंडळी, जखम धुताना फसफसणारं हायड्रोजन पेरॉक्साइड सगळ्यांना ठाऊक आहे. थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८१८ साली शोधलं. हल्ली ते आणखी एका कामाला लागलंय.

जंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत हवा गाळणारं कपाट असतं. जंतू त्याच्या फिल्टरमध्ये अडकतात. पण तो फिल्टर बदलायला येतो एखादा साधा मेकॅनिक, आणि धोका त्याच्या जिवाला! म्हणून आधी कपाट बंद करून आत धुरी देतात. पूर्वी पॅराफॉर्मल्डिहाइड तापवायचे, मग अमोनियाने तो वायू निष्प्रभ करायचे. काम चोख व्हायचं. पण २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक ठरवलं. पेरॉक्साइडच्या वाफेचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं. अमेरिकेत २००१ च्या अँथ्रॅक्स-पत्रांनंतर परराष्ट्र खात्याची टपालाची इमारत याच वाफेने निर्जंतुक केली.

परीक्षाही कडक हं! जिओबॅसिलस या चिवट जंतूचे बीजाणू आत ठेवायचे, नंतर ते उबवायचे. काहीच उगवलं नाही तरच कपाट पास. (आम्हा मास्तरांना हे आवडणारच.) मात्र ही वाफ फिल्टरच्या आरपार पोचवणं जिकिरीचं, त्यामुळे काही ठिकाणी जुनी धुरी अजून टिकून आहे.