भोनचा स्तूप आणि पूर्णाकाठचे लोकजीवन

महाराष्ट्रातील बौद्ध संस्कृतीचा विचार करू लागलो की आपली दृष्टी प्रथम डोंगराकडे वळते. अजिंठा, कार्ले, भाजे, कान्हेरी, जुन्नर ही नावे आपल्या मुलांनाही पाठ असतात. ते स्वाभाविक आहे. कातळात कोरलेले चैत्यगृह दोन हजार वर्षे उभे राहते आणि पाहणाऱ्याला नतमस्तक करते. परंतु ज्यांच्या दानातून ही लेणी निर्माण झाली ती माणसे डोंगरात राहत नव्हती. ती नदीकाठच्या गावांत, बाजारपेठांत आणि शेतशिवारात राहत होती. त्यांची घरे कशी होती, ती पाणी कोठून आणत, कोणता व्यवसाय करीत आणि कोणत्या वाटेने माल नेत, या प्रश्नांची उत्तरे लेण्यांच्या भिंतींवर पूर्णपणे मिळत नाहीत. ती मातीखाली शोधावी लागतात. बुलढाणा जिल्ह्यातील भोन या गावाच्या उत्खननाने अशी काही उत्तरे आपल्या हाती दिली आहेत. म्हणूनच त्याचा परिचय प्रत्येक उपासकाला असावा असे आम्हांस वाटते.

काळी आणि पांढरी

भोन हे संग्रामपूर तालुक्यातील पूर्णा नदीच्या काठचे गाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. बी. सी. देवतारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ ते २००७ या काळात येथे उत्खनन केले. भाजक्या विटांनी बांधलेल्या एका स्तूपाचे अवशेष येथे उजेडात आले. त्याचा काळ इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेला जातो. स्तूपाबरोबरच मौर्य आणि सातवाहन काळातील एका नांदत्या वसाहतीच्या खुणाही मिळाल्या.

अशा जागा आपल्या ग्रामीण बांधवांना अपरिचित नाहीत. वऱ्हाडात पिकाच्या जमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जमिनीला 'पांढरी' म्हणतात. पिढ्यान्पिढ्या एकाच जागी मातीची घरे उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. चुलीची राख, शेणमाती, कोसळलेल्या भिंती यांचे थरावर थर साचले आणि त्यांची फिकट रंगाची टेकाडे तयार झाली. ओसाड पडलेल्या गावाची पांढरी खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची प्रथा सर्वत्र होती. त्या मातीबरोबर किती खापरे, मणी, नाणी आणि विटा शेतात विखुरल्या गेल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही. यात शेतकऱ्याचा दोष नाही. ती माती म्हणजे आपल्याच पूर्वजांची दप्तरे आहेत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पुरातत्त्वज्ञ नेमकी हीच दप्तरे वाचतो. वरचा थर नंतरचा आणि खालचा थर आधीचा, हा त्याचा पहिला नियम. कोणत्या थरात कोणत्या घडणीचे खापर मिळाले, त्याच्या शेजारी कोणते नाणे होते, विटेचे माप काय, यांचा तो मेळ घालतो. म्हणून जागेवरून उचललेली वीट घरात पूजेला ठेवली तरी तिचे बोलणे बंद होते. तिची साक्ष तिच्या जागेत असते.

मातीच्या कड्यांच्या विहिरी

भोनच्या उत्खननात मोठ्या संख्येने सापडलेले वलयकूप आम्हांस विशेष बोलके वाटतात. वलयकूप म्हणजे भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेली अरुंद विहीर. कुंभाराने मोठी कडी घडवावी, ती आव्यात भाजावी, खड्डा खणून ती एकेक करून खाली उतरवावी, म्हणजे भुसभुशीत मातीतही खड्ड्याच्या कडा ढासळत नाहीत. उत्तर भारतात हस्तिनापूर, मध्य भारतात उज्जैन अशा प्राचीन नगरांत हे तंत्र आढळते. कोठे त्यांचा उपयोग पिण्याच्या पाण्यासाठी, तर कोठे सांडपाणी जिरविण्यासाठी होत असे.

पूर्णेचे खोरे ज्यांना माहीत आहे त्यांना या विहिरींचे महत्त्व निराळे सांगावयास नको. बुलढाणा, अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा आजही तेथील माणसाची परीक्षा पाहतो. भूगर्भातील पाणी खारे असल्यामुळे विहीर खोदली तरी तहान भागेलच असे नाही. अशा प्रदेशात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसांनी वस्ती केली, पाण्याची व्यवस्था लावली आणि ती अनेक पिढ्या टिकविली. पाणी वाहून नेणाऱ्या कालव्याच्या रचनेची नोंदही अभ्यासकांनी येथे केली आहे. राजांच्या वंशावळी लिहिणाऱ्यांना या कुंभारांची, खोदणाऱ्यांची आणि पाणी वाहणाऱ्या स्त्रियांची नावे ठाऊक नव्हती. त्यांचे काम मात्र मातीने जपून ठेवले.

पूर्णेची वाट

पूर्णा सातपुड्यात उगम पावते, वऱ्हाडातून पश्चिमेकडे वाहते आणि चांगदेव येथे तापीला मिळते. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्या मधला हा सपाट पट्टा म्हणजे निसर्गानेच आखलेला राजमार्ग होय. पश्चिमेस या वाटेने तापीचे खोरे आणि पुढे भृगुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, हे बंदर गाठता येते. आधुनिक काळात मुंबई-नागपूर लोहमार्गासाठीही हीच वाट निवडली गेली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके याच खोऱ्यात आहेत. जलंबहून खामगावच्या कापूस बाजारास जोडणारा फाटा १८७० साली सुरू झाला. काळी जमीन, कापूस आणि व्यापाराची वाट यांचे नाते फार जुने आहे.

इ. स. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात भडोचहून वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर तगर, म्हणजे आजचे तेर, असल्याचा उल्लेख आहे. तेथून मौल्यवान दगड आणि कापड गाड्यांमधून बंदराकडे जात असे. भोनच्या दक्षिणेस, अजिंठ्याच्या रांगेपलीकडे भोकरदन आहे. तेच प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली तेथे झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचा अवशेष मिळाला. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. याच भोगवर्धनच्या उपासक-उपासिकांची नावे सांची आणि भरहुतच्या दानलेखांत कोरलेली आहेत. व्यापाराची वाट आणि धम्माची वाट एकच होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

श्रमाचे दान

स्तूप हा गावापासून तुटलेला पवित्र ढिगारा नव्हता. त्याची वीट भाजणारा, माती वाहणारा आणि त्यासाठी धान्य देणारा समाज त्याच्या सावलीत राहत होता. भोनच्या दात्यांची नावे आपल्याजवळ नाहीत. परंतु महाराष्ट्रातील इतर लेख त्या समाजाचे चित्र उभे करतात. जुन्नरच्या लेण्यांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. कुडे येथे फुलमाळ्याच्या दानाची नोंद आहे. सांचीच्या तोरणावरील शिल्पकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचे तेथील लेखच सांगतो.

नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर हिशेबाच्या दृष्टीनेही वाचण्यासारखा आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यावर दरमहा शेकडा एक या दराने वर्षाला २४० कार्षापण व्याज होई. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत. ठेव राजघराण्यातील माणसाची होती, पण ती सांभाळण्याचा विश्वास विणकरांवर टाकला गेला. पुढील काळात ज्या श्रमिकांना समाजाने हीन लेखले, त्यांच्या व्यवसायबंधूंना भिक्खुसंघाच्या दारात सन्मान होता. हा इतिहास आपल्या दृष्टीने केवळ ज्ञानाचा विषय नाही.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी हे नगर का निवडले ते सांगताना, बुद्धाचा धम्म पसरविणाऱ्या नाग लोकांचे स्मरण केले होते. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९६९-७० मध्ये, भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे उत्खनन होऊन प्राचीन स्तूप प्रकाशात आले. तेथे मुचलिंद नागाचे शिल्पही मिळाले. आज पूर्वेस पवनी आणि पश्चिमेस भोन अशी विदर्भाची दोन टोके आपल्याला जोडता येतात.

पुराव्याची मर्यादा

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्तूपाचा काळ मौर्यकाळाशी जुळतो, एवढ्यावरून तो सम्राट अशोकानेच बांधला असे सिद्ध होत नाही. तसा लेख मिळाल्याशिवाय तसे ठामपणे सांगणे योग्य नव्हे. तथागतांनी आपल्याला ऐकीव गोष्ट तपासून घेण्याची शिकवण दिली आहे. ती शिकवण आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टींनाही लागू पडते. शिवाय, भोनचा स्तूप सामान्य लोकांच्या कष्टातून उभा राहिला असेल, तर त्याचे मोल कमी होत नाही. आमच्या मते ते वाढते.

पाण्याखाली जाणारा इतिहास

मात्र हा वारसा आज संकटात आहे. पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात भोनचा समावेश होतो. येथे आमची भूमिका स्पष्ट करणे अवश्य आहे. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला पाणी हवे आणि ते मिळाले पाहिजे. त्या शेतकऱ्यांत आपले बांधवही आहेत. ज्या स्तूपाभोवतीच्या लोकांनी पाण्यासाठी एवढे श्रम घेतले, त्याच्या नावाने कोणाच्या तोंडचे पाणी काढून घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पाणी आणि इतिहास यांपैकी एकच निवडावा लागतो, हेही आम्हांस मान्य नाही.

याची उदाहरणे देशात आहेत. कृष्णा नदीवरील नागार्जुनसागर धरणापूर्वी, १९५४ ते १९६० या काळात, नागार्जुनकोंडा खोऱ्याचे विस्तृत उत्खनन झाले. तेथील महत्त्वाच्या वास्तू उंचावर पुन्हा उभारण्यात आल्या आणि संग्रहालयही झाले. गुजरातमध्ये देवनी मोरीचा स्तूप मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेला. तत्पूर्वी बडोद्याच्या विद्यापीठाने तेथे उत्खनन केले आणि लेखयुक्त धातुकरंडक वाचविला. पहिल्या ठिकाणी वास्तूही वाचल्या, दुसऱ्या ठिकाणी निदान ज्ञान आणि करंडक वाचले. भोनच्या बाबतीत पहिल्या उदाहरणाचा आग्रह धरणे हे आपले कर्तव्य आहे. स्तूपाचे रक्षण शक्य आहे काय याचा तज्ज्ञांकडून प्रामाणिक विचार व्हावा. ते अशक्यच ठरल्यास उरलेल्या वसाहतीचे संपूर्ण उत्खनन, स्तूपाचे शास्त्रशुद्ध स्थलांतर आणि सापडलेल्या वस्तूंसाठी जिल्ह्यातच संग्रहालय, या मागण्या निवेदनांतून आणि कायद्याच्या मार्गाने सातत्याने मांडल्या गेल्या पाहिजेत.

आपल्या विहारांनाही काही करता येईल. आपल्या गावच्या पांढरीची नोंद ठेवावी. नांगरताना खापर, मणी, नाणे किंवा वीट दिसली तर ती हलविण्यापूर्वी जागा टिपून पुरातत्त्व विभागास कळवावे. मुलांना अजिंठ्याच्या सहलीबरोबरच पूर्णाकाठही दाखवावा. तेथे भव्य चैत्य दिसणार नाही, हे त्यांना आधीच सांगावे. पण एका कुंभाराने भाजलेले विहिरीचे कडे आणि त्याच मातीतून घडलेली स्तूपाची वीट यांचा संबंध त्यांना समजावून दिला, तर आपला इतिहास कोणी घडविला हे त्यांना निराळे शिकवावे लागणार नाही.