चौकटीची वही

इंटरॅक्शन डिझाईनची डिग्री नाही, मग आपल्याला कोण घेणार? माझ्यासारख्या इंजिनियरला हा प्रश्न हमखास पडतो. पण मंडळी, १९८०च्या दशकात बिल मॉग्रिज आणि बिल वरप्लँक यांनी या कामाला नाव दिलं, तेव्हा डिग्री होतीच कुठे? सुझन केअरची पीएच.डी. कलेतली, कॉम्प्युटरसाठी चित्रं कधी काढलेली नाहीत. तिने चौकटीची वही आणली, ३२ बाय ३२ चौकोनांत आयकॉन काढले आणि तीच वही ॲपलच्या मुलाखतीला नेली. १९८४च्या मॅकिन्टॉशवर तिचेच आयकॉन झळकले! आज डिग्र्या मिळतात, अगदी पवईच्या आयआयटीतसुद्धा. तरी मुलाखतीत आधी पोर्टफोलिओच उघडायला लावतात. म्हणून मीही वही आणलीय. एटीएमचा स्क्रीन नव्याने काढतोय. तुम्ही काय काढताय?