पुलमन गाडीतले पोर्टर

अमेरिकेत शयनयानातून प्रवास करणारा गोरा उतारू घंटी वाजवी आणि पोर्टरला ‘जॉर्ज’ अशी हाक मारी. त्याचे खरे नाव काय, हे विचारण्याचे कारण नव्हते. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन; आणि गुलामाला धन्याचे नाव चिकटवण्याची चाल जुनी. गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली, आणि नुकतीच सुटका झालेली काळी माणसेच पुलमनने बिछाने घालण्यास व बूट पुसण्यास नेमली.

वर्णभेद म्हटला की आपल्यापुढे एखादा दुष्ट गोरा उभा राहतो. मी पगारपत्रके वाचणारा माणूस. मला तो नियमांत सापडतो. महिन्याचे काम सुमारे चारशे तास, नाही तर अकरा हजार मैल. गाडी सुटण्याआधीची तयारी बिनपगारी. पॉलिशचा खर्च पोर्टरचा. कंडक्टरची जागा गोऱ्यासाठी राखलेली. पगार एवढा अपुरा की बक्षिशीवाचून चूल पेटत नसे. आणि बक्षिशी हवी, तर ‘जॉर्ज’ ही हाक हसतमुखाने ऐकायची! अपमान हा असा पगाराचाच भाग करून ठेवला होता.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात पोर्टरांनी आपली युनियन स्थापली. पुढारी नेमला ए. फिलिप रँडॉल्फ. तो मासिकाचा संपादक, पोर्टर नव्हे. त्यामुळे कंपनी त्याला कामावरून काढू शकत नव्हती. मागणी मोघम नव्हती : २४० तासांचा महिना आणि बक्षिशीवर अवलंबून राहावे लागणार नाही असा पगार. कंपनीने हेर पेरले, मालकधार्जिणी युनियन उभी केली. १९२८ साली ठरलेला संप रँडॉल्फने ऐनवेळी मागे घेतला आणि सभासद भराभर गळाले. संप पुकारण्याहून मागे घेणे जड जाते, हे चळवळीतल्या माणसाला सांगायला नको. गोऱ्या कामगारांच्या कित्येक युनियननी तर काळ्यांना दारच बंद केले होते. हे पाप आपल्याच चळवळीचे आहे. ते मालकाच्या माथी मारता येत नाही.

१९३४ च्या कायदादुरुस्तीने पोर्टरांना आपली युनियन निवडण्याचा हक्क मिळाला. पुढच्या वर्षी त्यांनी मतदान जिंकले. आणि १९३७ साली, स्थापनेला बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, करारावर सह्या झाल्या. महिना २४० तासांचा झाला.

१९४१ साली युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना काम नाकारले जाई. रँडॉल्फने १ जुलैला वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचे जाहीर केले. २५ जूनला रूझवेल्ट यांनी हा भेदभाव बंद करण्याचा हुकूम काढला. मोर्चा निघालाच नाही. हुकुमाची अंमलबजावणी पुढे लंगडीच राहिली, ती गोष्ट वेगळी.

१ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीत बसमधली जागा न सोडल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली. जामिनासाठी धावलेल्यांत ई. डी. निक्सन होता; या युनियनच्या तिथल्या शाखेचा प्रमुख. त्याने फोन करून पाद्र्यांना जमवले. पुढे ३८१ दिवस चाललेल्या बहिष्काराची पहिली बैठक दुसऱ्या दिवशी भरली, तेव्हा तो हजर नव्हता. तो गाडीवर पोर्टरच्या पाळीला गेला होता.