जीव वाचवणारा ऑक्सिजन आणि गेलेले डोळे

1942 साली बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एका नव्या अंधत्वाची नोंद केली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांत, भिंगाच्या मागे, पांढुरका पापुद्रा धरत होता. पुढच्या दशकभरात जगात सुमारे 10,000 बाळांची दृष्टी गेली. 1950 साली जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच एक.

संशय उजेडावर, जीवनसत्त्वांवर, संसर्गावर घेऊन झाला. 1951 मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी नेमकं बोट ठेवलं: जिथे अशा बाळांना ऑक्सिजन सढळ हाताने दिला जातो, तिथेच अंधत्व जास्त आहे. अमेरिकेतल्या 18 रुग्णालयांत 786 बाळांवर झालेल्या चाचणीने 1954 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं.

पण जीव वाचवणारा वायू डोळा कसा घालवतो?

दृष्टिपटल म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला भाग. गर्भात चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याच्या मध्यापासून रक्तवाहिन्या फुटू लागतात आणि कडेपर्यंत पोचायला जवळजवळ नऊ महिने भरावे लागतात. आयझॅक मायकेलसन यांनी हे जाळं बारकाईने न्याहाळलं. ऑक्सिजनने भरलेल्या धमनीलगत केशवाहिन्या नसतात, शिरेजवळ मात्र त्या अगदी खेटून असतात. 1948 मध्ये त्यांनी तर्क मांडला, की ऑक्सिजनला आसुसलेली ऊतीच एखादं रसायन सोडून वाहिन्यांना बोलावून घेत असावी. लंडनमध्ये नॉर्मन ॲश्टन यांनी मांजरीच्या पिल्लांना भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलं, तेव्हा कोवळ्या वाहिन्या मिटून गेल्या. साध्या हवेत आणताच त्या सैरावैरा वाढल्या. अशा बेबंद वाहिन्याच पुढे दृष्टिपटल ओढून सुटं करतात.

मायकेलसन यांचा तर्क किती अचूक होता, हे कळायला चार दशकं लागली. 1989 मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन वेगळं केलं. ऑक्सिजन कमी पडला की दृष्टिपटलातल्या मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशी ते सोडतात आणि रक्त पोचलं की थांबवतात. कोवळ्या वाहिन्या त्यावरच जगतात, म्हणून जादा ऑक्सिजनने ते आटलं की त्या मरतात.

1954 नंतर ऑक्सिजनवर इतका हात आखडला गेला, की अंधत्व घटलं, पण श्वासावाचून बाळं दगावू लागली. ती किंमत फार मोठी होती. आज रक्तातला ऑक्सिजन सतत मोजत, दोन्ही धोके सांभाळत तो दिला जातो.

तरीही हा आजार संपलेला नाही. आपल्याकडे 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचं दृष्टिपटल 30 दिवसांच्या आत तपासायला सांगतात, अगदी लहान बाळांचं त्याहूनही लवकर. घरात असं बाळ असेल, तर ही मुदत चुकवू नका.