वही, ‘खबर’ आणि सॉफ्टवेअर

परवा रविवारी भाचा आला. हिंगण्याला त्याचा पंपांच्या सुट्या भागांचा छोटासा धंदा आहे. लॅपटॉप उघडून त्यानं तीन कंपन्यांची कोटेशनं माझ्यापुढे ठेवली. “आत्या, चार पोरं गावोगाव फिरून राहिली, पण कोण कोणाकडे गेलं, काय बोललं, काही पत्ता नाही. यातलं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?”

मला हसू आलं. जन्मभर खडू-फळा वापरलेल्या बाईला हा प्रश्न! पण इतिहास शिकवल्यामुळे मागे वळून पाहायची खोड काही जात नाही.

मला आठवले लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमिनीला विष बाधेल, अशी भीती होती. म्हणजे अडचण मालाची नव्हती, गिऱ्हाइकाच्या मनातली होती. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. कारखाना आडगावी आणि गिऱ्हाईक खेडोपाडी विखुरलेलं. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, ते कारखान्याची नि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. त्याच ‘खबर’चं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि घराघरांत वाचलं गेलं. विक्रीसाठी निवडलेलं साधन विचारांचं साधन झालं!

आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. केशव विष्णू पेंढरकर इथे किराणा दुकान चालवत. पुढे ते मुंबईला गेले आणि १९५२ साली ‘विको’ सुरू झाली. सुरुवातीला दंतमंजन घरोघरी जाऊन विकलं. तिथे साधन काय, तर पाय आणि जीभ! दूरदर्शन घरोघरी आल्यावर मात्र कंपनीनं तिथल्या जाहिरातींचाही आधार घेतला. काळ बदलला तसं साधन बदललं.

गिऱ्हाइकांच्या नोंदी संगणकावर ठेवण्याची सोयही तशी जुनी आहे. १९९९ साली अमेरिकेत ‘सेल्सफोर्स’ निघाली आणि हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून, वर्गणी भरून वापरता येऊ लागलं. २००५ मध्ये आपल्याकडच्या ‘झोहो’नंही तसंच आणलं. त्यामुळे आज लहान धंदेवाल्यालाही ते परवडतं.

एवढं सांगून झालं आणि मग मी त्याला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

इतवारीत माझ्या बाबांचं कापडाचं दुकान होतं. रोजमेळ, खतावणी सगळं चोख. पण खरा धंदा एका छोट्या वहीत होता. कोणाकडे लग्न निघालंय, कोण कापूस विकल्यावर पैसे देतो, कोणाला कुठलं लुगडं लागतं, सगळं त्यांच्या स्वतःच्या खुणांत. टिंब, फुली, अर्धचंद्र. १९७४ साली बाबा अचानक गेले. दादा, म्हणजे भाच्याचे वडील, ती वही घेऊन रात्र-रात्र बसायचे. एक खूण लागली नाही. जुनी गिऱ्हाइकं हळूहळू तुटली आणि दोन वर्षांत दुकान बंद झालं. दादा नोकरीला लागले. नशिबाला दोष दिला सगळ्यांनी, वहीला कोणीच दिला नाही.

भाचा गप्पच झाला. मग म्हणाला, “बाबा कधी बोलले नाहीत हे.”

मी म्हटलं, “बाळा, तीनपैकी कोणतं ते मला कळत नाही. पण आधी तुझ्या चार पोरांना विचार. ज्यात ते उन्हातान्हात, मोबाईलवर, मराठीत दोन ओळी लिहू शकतील आणि दुसऱ्याला त्या वाचता येतील, ते घे. पोरं लिहिणारच नसतील तर महागातलं घेऊनही ती बाबांचीच वही.”

एक महिना वापरून बघतो म्हणाला. जाताना लॅपटॉप बंद केला आणि विचारलं, “आत्या, ती वही आहे अजून?”

आहे. कपाटात, माझ्या साड्यांखाली. त्यातला अर्धचंद्र म्हणजे काय, ते नातलगांपैकी कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा.