पश्चिम किनाऱ्यावरील गुरुत्वमापन : किहीम परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

किहीम येथे तागडीवर तोललेले 100 किलो तांदूळ उत्तर ध्रुवावरही तागडीवर 100 किलोच भरतील. कारण तांदूळ आणि मापे या दोहोंवरील गुरुत्वाकर्षण सारख्याच प्रमाणात बदलते. ताणकाट्याचे तसे नाही. किहीम सुमारे 18.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जुळवलेला ताणकाटा ध्रुवावर त्याच तांदळाचे वजन सुमारे 475 ग्रॅमने अधिक, तर विषुववृत्तावर सुमारे 55 ग्रॅमने कमी दाखवील. पृथ्वीचे परिवलन आणि विषुववृत्तालगतचा तिचा फुगवटा ही त्याची प्रमुख कारणे होत.

हा फरक प्रथम उघड केला तो काट्याने नव्हे, घड्याळाने. 1672 मध्ये झाँ रिशे या फ्रेंच खगोलज्ञाचे लोलकाचे घड्याळ दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. गुरुत्व कमी असेल तेथे लोलक मंद झुलतो. पुढे लोलक हेच गुरुत्वमापनाचे साधन ठरले.

भारतात या साधनापुढे निराळाच प्रश्न होता. हिमालयाच्या आकारमानावरून ओळंबा जितका ढळावयास हवा तितका तो ढळत नाही, असे प्रॅट यांच्या 1850 च्या दशकातील गणितातून दिसून आले होते. पर्वताखालचे द्रव्य हलके आहे काय, याचा शोध घेण्यासाठी महात्रिकोणमितीय सर्वेक्षणातील कॅप्टन बासेवी यांनी 1865 पासून रॉयल सोसायटीचे लोलक देशभर झुलवले. लोलक हवा काढून घेतलेल्या पात्रात झुलत. एकेका स्थानकाचे काम दीर्घ आणि कष्टाचे असे. जुलै 1871 मध्ये लडाखमधील मोरे पठारावर, 4,600 मीटरांहून अधिक उंचीवर, बासेवी यांचा मृत्यू झाला. उरलेले काम कॅप्टन हेविसाइड यांनी पूर्ण केले. पर्वतप्रदेशात गुरुत्व अपेक्षेपेक्षा कमी आणि किनाऱ्यावर तुलनेने अधिक, असा या मालिकेचा कौल होता. विसाव्या शतकाच्या आरंभी नव्या लोलकांनी घेतलेल्या निरीक्षणांमुळे जुने आकडे दुरुस्त करावे लागले. मूळ प्रश्न मात्र रद्द झाला नाही.

याच मालिकेत मुंबईचे कुलाबा हे एक स्थानक होते. (अलिबागचा कुलाबा किल्ला वेगळा.) किहीमपासून ते समुद्रावरून वीस किलोमीटरांच्या आत, म्हणजे अक्षांश जवळजवळ तोच. त्यामुळे कुलाब्याचा आकडा किहीमच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण ठरतो. उंचीचा परिणाम पाहावयाचा तर महाबळेश्वर घ्यावे. केवळ 1,372 मीटर उंचीमुळे तेथे क्विंटलमागे सुमारे 43 ग्रॅमची घट येते; पायाखालच्या बेसाल्टच्या आकर्षणाने त्यातील काही भाग भरून निघतो. दख्खनच्या बेसाल्टची ही अधिक घनता हिशेबात कशी धरावी, याची चर्चा ग्लेनी यांनी 1951 मध्ये केली. मुंबई परिसरात तेवढ्यानेही उलगडा होत नाही. तेथील गुरुत्वाधिक्याचा अर्थ लावताना ताकिन यांनी 1966 मध्ये भूपृष्ठाखाली दडलेल्या जड खडकाची कल्पना मांडली. ताणकाट्यावर हे आधिक्य क्विंटलमागे काही ग्रॅमांचेच भरेल.